घरात हसायला परवानगी आहे का?

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी 44 वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत कॅशवर बसते. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातात. मुलगा बारावी झाला, यंदा नीटसाठी रिपीट करतोय. त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून वर्षभर टीव्ही बंद आहे, वर चादर टाकून ठेवलीय. घरात आम्ही सगळे कुजबुजत बोलतो. मार्चमध्ये वसुलीचं टेन्शन, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं याचं टेन्शन, आणि पोराचं तर बारा महिने. रात्री जबडा दुखतो, मान आखडलेली असते. डॉक्टर म्हणाले, बीपी काठावर आहे, टेन्शन घेऊ नका, हसत राहा. हसू कशावर, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेजारच्या वहिनी सकाळी बागेत हास्यक्लबला जातात. त्यांच्याबरोबर एकदा गेले. हात वर करून 'हो हो, हा हा' करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात हसणं असतं, पण कुणाची तरी चेष्टा करून. सध्या माझ्या वजनाचा नंबर लागलाय.

परवा एक गंमत झाली. कुकरची शिट्टी झाली आणि सासूबाई कुकरकडे बघून खरोखर रागावून म्हणाल्या, "गप की जरा, पोराचा अभ्यास चाललाय!" आमची नजरानजर झाली आणि ओटा धरून दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातातली पळी खाली पडली. तेवढ्यात मुलगा दार उघडून बाहेर आला. मी एकदम गप्प झाले. नंतर वाटलं, पोर तिकडे मरमर करतंय आणि आपण काय खिदळतोय.

खरंच हसण्याने ताण जातो का, की नुसतं म्हणायला? क्लबला जाऊ का? सासूबाईंनाही नेऊ का? त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय.

एक वाचक, सांगली

प्रिय मैत्रिणी,

'हसत राहा' असं सांगणाऱ्या डॉक्टरांचं चुकलं नाही. पण नुसतं तेवढं सांगून सोडून दिलं की बाईच्या डोक्यावर आणखी एक काम येऊन बसतं. स्वयंपाक, कॅश, वसुली, पोराचा डबा, आणि आता हसणंही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या कुकरकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि ती तुम्ही अपराध्यासारखी, चोरून लिहिल्यासारखी लिहिली आहे. त्या मिनिट-दोन मिनिटांत तुमच्या शरीरात काय झालं ते बघा. हसणं म्हणजे मुख्यतः श्वास सोडणं. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू तुटक तुटक आवळतात, हवा धक्क्याधक्क्याने बाहेर पडते. म्हणून दम लागतो, पोट दुखतं. हसू ओसरलं की आपोआप एक खोल श्वास आत येतो. हसताना नाडी आणि रक्तदाब थोडे चढतात, नंतर खाली येतात. आणि त्या वेळी हातापायांचे स्नायू ढिले पडतात. तुमची पळी पडली ती उगीच नाही. 'हसून हसून गळून गेले' असं आपण म्हणतो, ते अक्षरशः खरं आहे. जी मान दिवसभर नोटा मोजताना आखडून राहते, जो जबडा तुम्ही न कळत आवळून धरता, तो तेवढ्या वेळापुरता सुटला. (जबडा रोजच दुखत असेल तर एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेत दात आवळायची सवय पुष्कळांना असते आणि त्यावर उपाय आहेत.)

ताण आला की शरीर तोंड द्यायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, कॉर्टिसॉल वाढतं (ही दोन्ही ताणाची संप्रेरकं), रक्तात साखर सोडली जाते, स्नायू आवळले जातात. अंगावर कुत्रं धावून आलं तर ही तयारी कामाला येते आणि कुत्रं गेलं की उतरते. नीटचा निकाल मात्र अंगावर येतही नाही आणि जातही नाही. तो वर्षभर लांब उभा असतो आणि आपण वर्षभर तयारीत. मनमोकळं हसणं ही तयारी थोडा वेळ उतरवतं. 2023 मध्ये, लोकांना हसवून कॉर्टिसॉल मोजणाऱ्या आठ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात न हसवलेल्या लोकांच्या तुलनेत मनापासून हसलेल्यांचं कॉर्टिसॉल सुमारे 32 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आठही प्रयोगांत मिळून माणसं मात्र जेमतेम 315 होती, म्हणून हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. दिशा कळते, एवढं नक्की. आणि पुढे डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली तर हसण्याच्या भरवशावर ती बंद करू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. हसू कशावर?

रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने यासाठी प्रयोगशाळा सोडली आणि तो व त्याचे विद्यार्थी बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात जाऊन लोक कधी हसतात ते टिपत बसले. असे 1200 प्रसंग त्यांनी गोळा केले. त्यात हसण्याच्या आधी काही विनोदी बोललं गेलंय असे प्रसंग 20 टक्केही नव्हते. बाकीच्या वेळी 'बरं, निघते मी', 'अगं, तू इथे कशी?' असलंच काहीतरी साधं बोलणं होतं. शिवाय एकटं असताना माणूस जितकं हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असंही त्यांना दिसलं. तेव्हा 'कशावर' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. 'कुणाबरोबर' हे आधी बघा.

हे सांगलीकराला वेगळं समजवायला नको. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं तेव्हापासून आपल्या गावाला नाटकाचा नाद आहे. भावे नाट्यमंदिरात विनोदी नाटकाला बसलं की शेजारच्या अनोळखी माणसाचं हसणं ऐकून आपल्यालाही जास्त हसू येतं. तेच नाटक घरी मोबाईलवर एकट्याने लावा, नाकातून नुसता एक फुसकारा निघतो. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात 2017 मध्ये 12 पुरुषांना जवळच्या मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वेदना कमी करणारी, बरं वाटायला लावणारी जी द्रव्यं मेंदू स्वतःच तयार करतो, ती वाढलेली दिसली. हाही छोटाच प्रयोग, पण तुम्ही आणि सासूबाईंनी ओट्यापाशी तोच केलात.

म्हणून रात्री अंथरुणात पडून रील बघत बसण्याला मी हसणं धरणार नाही. त्याने वेळ जातो, झोपही जाते. काउंटरवर दिवसभर ग्राहकांना जे हसू द्यावं लागतं तेही यात धरू नका. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने 1862 मध्येच दाखवून दिलं होतं की ओठांचे कोपरे आपण म्हणू तेव्हा वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा हुकूम ऐकत नाही, तो आतून आनंद झाला तरच आवळतो. काउंटरवरचं हसू ओठांचं. ते नोकरीचा भाग आहे, ते दमवतं. 'मी दिवसभर हसतेच की' असं तुम्हाला कुणी ऐकवलं किंवा तुम्हालाच वाटलं, तर हा फरक लक्षात असू द्या.

आता घराकडे येते, कारण मला काळजी तुमच्या घराची जास्त वाटते.

मुलगा दार उघडून बाहेर आला आणि तुम्ही गप्प झालात. तो का बाहेर आला होता? रागवायला, असं तुम्ही धरून चाललात. विचारलंत का त्याला? वर्षभर ज्या घरात कुणी मोठ्याने बोललेलं नाही, त्या घरात आई आणि आजी पोट धरून हसताना ऐकू आल्या, म्हणून काय झालं ते बघायला आला असेल. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. त्यालाही त्यात यायचं असेल. आणि त्याने दारात पाय ठेवताच हसणं बंद झालं. त्याच्या जागी उभं राहून बघा. 'मी आलो की घरातलं हसू संपतं' एवढंच त्याच्या पदरात पडलं. टीव्हीवरची चादर रोज त्याच्या डोळ्यांसमोर आहे. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, आता सुटलं तर सगळ्यांचं वर्ष वाया गेलं, हे ओझं ती चादर त्याला न बोलता रोज सांगते. तुम्ही हे मायेपोटी केलंत, मला ठाऊक आहे. घरोघरी आया हेच करतायत. पण त्या शांततेचा पोराला त्रास होतो, फायदा फार थोडा होतो.

तेव्हा आज त्याला विचारा, "परवा आम्ही हसत होतो तेव्हा तू बाहेर आलास, काय रे?" कुकरची गोष्ट त्याला सांगा. आजीलाच सांगू द्या, त्यांच्या तोंडून ती जास्त खुलेल. त्याच्या अभ्यासाचे तास त्याच्याकडूनच ठरवून घ्या. त्या तासांना दार बंद, घर शांत. त्या तासांबाहेर घर आपल्या नेहमीच्या आवाजात बोलेल. चादर काढा. रात्रीचं जेवण, मिस्टरांची शिफ्ट असेल तसं, पण जितके घरात असतील तितक्यांनी एकत्र, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या अर्ध्या तासात टेस्टचे मार्क, कटऑफ, कुणाचा मुलगा कुठे लागला, यातलं काहीही काढायचं नाही. पहिले दोन-चार दिवस अवघड जाईल. काय बोलायचं तेच सुचणार नाही, कारण वर्षभर दुसरा विषयच नव्हता. सुचेल. मिस्टर कॉलेजात असताना कसे होते ते सासूबाईंना विचारा. आजीच्या तोंडून बापाच्या खोड्या ऐकताना हसला नाही असा नातू मी अजून पाहिला नाही.

"पोर मरमर करतंय आणि आपण खिदळतोय," असं तुम्ही लिहिलंय. 'खिदळतोय' हा शब्द तुमचा नाही हो. तो आपल्याला लहानपणापासून ऐकवलेला आहे. बाईमाणसाने मोठ्याने हसू नये, जास्त हसलं की रडायची पाळी येते, असल्या धाकात आपल्या किती पिढ्या तोंडाला पदर लावून हसल्या. चिंता करत बसलं म्हणजे माया जास्त आणि हसलं म्हणजे माया कमी, असं काही नसतं. 2019 च्या पुरात ज्यांची घरं पाण्यात गेली ती माणसं शाळांच्या खोल्यांत, मंगल कार्यालयांत राहिली. आयर्विनला धोक्याची पातळी 45 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. गादी, गहू, पोरांची पुस्तकं, सगळं पाण्याखाली. तरी संध्याकाळी भांडी घासताना बायका एकमेकींना काहीतरी बोलून हसायच्या. घर गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं कोण म्हणेल? पण दुसऱ्या दिवशी चिखल काढायला कंबर उचलायची होती, त्याला अंगात थोडं बळ लागतं, आणि ते त्यांना एकमेकींकडून मिळत होतं. हसण्याने पाणी एक बोटभर उतरलं नाही. तुमचंही कुठलं संकट हसण्याने जाणार नाही, वसुली करावीच लागेल, निकाल लागायचा तोच लागेल. फक्त त्याला तोंड देणारी बाई इतकी आखडलेली राहणार नाही.

ऑफिसातल्या हसण्याबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. तुमच्या वजनावरून जे चालतं त्यात सामील होऊ नका, 'आपण हसून घ्यावं, वाद नको' म्हणून ओढूनताणून हसूही नका. अशा हसण्याने आठ-दहा जणांचा वेळ बरा जातो आणि एकीचा ताण दुपटीने वाढतो. ज्या हसण्यानंतर कुणाची तरी मान खाली जाते, ते हसणं औषध नाही. जो सुरुवात करतो त्याला एकटं गाठून, आवाज न चढवता सांगा, "मला हे आवडत नाही. पुन्हा नको." चारचौघांत सांगितलंत तर त्याचीही चेष्टाच होईल. तरी थांबलं नाही तर मॅनेजरना सांगा, त्यात कमीपणा काही नाही. आणि डबा खाताना जागा बदला. त्या ऑफिसात जिच्याशी बोलून तुम्हाला हलकं वाटतं अशी एक तरी बाई असेलच. भडंगाचा पुडा फोडा आणि तिच्याशेजारी बसा.

एक गोष्ट विचारायची राहून जाऊ नये. कुकरच्या प्रसंगाला तुम्हाला हसू आलं, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नाही, हसू येतच नाही, झोप उडालीय, भूक गेलीय, जगून काय करायचं असे विचार येतात, असं तुमचं किंवा मुलाचं झालं, तर तिथे हसण्याचा सल्ला उपयोगाचा नाही. ते आजारपण असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलाला दिसेल असा लावा. नीटच्या घरात तो असावाच असं माझं मत आहे.

आता क्लब. मदन कटारिया या डॉक्टरांनी 13 मार्च 1995 ला मुंबईत एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा ते लोक गोल उभे राहून एकमेकांना विनोदच सांगायचे. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते अचकट किंवा कुणाला तरी टोचणारे. मग त्यांनी विनोद सोडून दिले आणि हसण्याचाच व्यायाम करायचा ठरवलं, जोडीला प्राणायाम. तुम्हाला जे खोटं वाटलं ते तिथून आलं. सुरुवातीला ते खोटंच असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण श्वासाचा व्यायाम होतो, आणि समोरच्या आजोबांचं तोंड बघून पाचेक मिनिटांत खरं हसू फुटतं, कारण हसू एकाचं दुसऱ्याला लागतं. शिवाय सकाळच्या उजेडात पाय मोकळे होतात, चार माणसं 'काल का आला नाहीत?' असं विचारतात. माझ्या मते निम्मा फायदा त्या विचारण्याचा असतो. मेच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्य दिन असतो. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी नीटही नेमकी त्याच रविवारी होती.

तुम्हाला जमणार असेल तर दोन आठवडे वहिनींबरोबर जाऊन बघा, मागच्या रांगेत उभ्या राहा. तरीही लाजच वाटली तर खुशाल सोडा. कृष्णेच्या घाटावर दोघी मैत्रिणी गप्पा मारत फिरलात तरी मी तेवढंच मानेन. वहिनींना मात्र 'वेळ नाही' म्हणू नका, खरं कारण सांगा.

सासूबाईंना सध्या क्लबला नेऊ नका. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोटावर दाब पडेल असं काही मुद्दाम करायचं नसतं, आणि क्लबातलं हसणं पोटावर जोर देणारंच असतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना भेटून विचारा, ते म्हणतील तेव्हा न्या. घरात बोलता बोलता हसू आलं तर हरकत नाही, तेव्हा टाक्यांच्या जागी हात किंवा छोटी उशी धरायला सांगा, खोकताना धरतात तशी. दुखलं किंवा तिथे फुगवटा दिसला तर त्याच दिवशी दाखवा.